मर्फीवाले

२०२४ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून त्यांच्या तासाला मला नववीच्या वर्गावर पाठवण्यात आले. मी मराठीचा मास्तर. पण वर्गात शिरलो तो टेबलावर विद्युतघंटेचा प्रयोग मांडून ठेवलेला, आणि मुलांचे चेहरे असे काही उत्सुक, की 'निबंधाच्या वह्या काढा' म्हणायचे माझ्या जिवावर आले. म्हटले, दाबायचे ते एक बटण तर आहे. मी बटण दाबले. घंटा वाजली नाही. पुन्हा दाबले. तारा हलवल्या, सेल काढून पुन्हा बसवले. घंटा ढिम्म. आदल्याच तासाला म्हणे ती शेजारच्या तुकडीत चांगली खणखणली होती.

"सर, मर्फीचा नियम!" पहिल्या बाकावरचा एक हुशार मुलगा म्हणाला. "जे बिघडण्यासारखं असतं ते ऐन वेळेला बिघडतंच."

"म्हंजे सरांच्या घरचाच कायदा की रं!" शेवटच्या बाकावरून दुसरा.

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. अशा वेळी मास्तराने हसून घ्यायचे असते. पण त्या हसण्याने मला तीस-पस्तीस वर्षे मागे नेऊन सोडले.

यात हसण्यासारखे काय, हे वाचकांना कळायचे नाही. तेव्हा थोडी घरची हकिगत सांगितली पाहिजे. आमचे आडनाव पवार. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या बाजाराच्या गावी पवार इतके आहेत, की चावडीपाशी उभे राहून 'अहो पवार' अशी हाक मारली तर निम्मी पेठ वळून पाहील. आडनावाने माणूस ओळखू येईना, म्हणून गावाने ज्याला त्याला दुसरे आडनाव बहाल केले. कोणी गिरणीवाले पवार, कोणी म्हशीवाले, एक तर 'लंडन पवार'. त्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आले होते. पण गावाच्या जिभेला फ्रान्सपेक्षा लंडन सोपे पडले. आणि आम्ही मर्फीवाले.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, १९६६ साली पेठेत रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. दुकान कसले, दोन दुकानांच्या मधली बोळकंडी. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभे राहायचे. राळेचा आणि तापलेल्या कथलाचा वास, भिंतीला खिळ्यांवर टांगलेली रेडिओंची मोकळी खोकी, आणि दारावर मर्फी रेडिओची पत्र्याची पाटी. ओठांवर बोट ठेवलेले ते गोंडस बाळ ज्यांनी पाहिले असेल त्यांना आणखी काही सांगायला नको. ही पाटी अण्णांना कोणा व्यापाऱ्याकडून जुनी मिळाली होती. स्वतःचे नाव रंगवून घ्यायला पैसे पडले असते, म्हणून त्यांनी ते कधी रंगवलेच नाही. रेडिओ कोणत्याही कंपनीचा असो, बंद पडला की गाव म्हणे, "मर्फीकडं टाकून ये." पुढे "मर्फी जेवायला गेलाय काय?" असे विचारू लागले. आई मर्फीवाल्या वहिनी झाली, आणि मी मर्फीचा पोरगा.

दुकानात माझे एक ठरलेले काम असे. डायलचा काटा ज्या दोरीवर सरकतो ती तुटली की नवी ओवायची. बारीक चाकांवरून ती दोरी फिरवून आणायला लहान बोटे लागतात. ते काम मला आवडे. शाळा मात्र नकोशी होई. मधल्या सुट्टीत पोरे माझे कान धरून पिळीत आणि म्हणत, "विविध भारती लाव! आवाज वाढव!" एके दिवशी मी रडत दुकानावर गेलो. अण्णांनी सोल्डरिंगची सळई बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "अरे, नाव काय वाईट आहे? चांगल्या वस्तूचं आहे. हवामहल लागतं त्याच्यावर."

त्यांना खरोखरच त्या नावाचे काही वाटत नसे. मला वाटे. माझ्या लग्नपत्रिकेत चुलत्यांनी पवारच्या पुढे कंसात 'मर्फीवाले' घातले होते, ते मी छापखान्यात जाऊन स्वतःच्या हाताने खोडले. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा मुखपृष्ठावर आडनाव किती ठसठशीत यावे, यावर प्रकाशकाशी मी हुज्जत घातली होती. दुसऱ्याच्या पाटीखाली आयुष्य काढलेल्या माणसाचा मी मुलगा. मला माझी पाटी हवी होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये अण्णा गेले. वय ऐंशी. आमच्या चौकात एक काळा फळा आहे. गावात कोणी गेले की त्याचे नाव खडूने त्यावर लिहितात. लिहिणाऱ्याने मला विचारले, "कंसात मर्फीवाले घालू का?" मी म्हटले, "नको. त्यांना त्यांचं नाव आहे." त्याने नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे वळणदार अक्षरात लिहिले. स्मशानात तीसएक माणसे होती. ती मोजत मी मनाशी म्हणालो, रेडिओ गेले, तसा रेडिओवाला माणूसही लोकांच्या मनातून गेला.

पंधरा दिवसांनी, बाजारच्या दिवशी, शेजारच्या वाडीतले एक म्हातारबुवा घरी आले. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. अंगणातूनच विचारू लागले, "मर्फी हाय का घरात? दुकान बंद दिसलं." मी सांगितले, अण्णा गेले. तात्या मटकन पायरीवर बसले. डोक्याचा पटका काढून मांडीवर घेतला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "फळा वाचला व्हता म्या. म्हनलं, कोन पवार गेला, आन् तसाच फुडं गेलो."

तात्यांनी बाजारात ही बातमी सांगितली. पुढच्या आठवड्यात आमच्या घरी साठ-सत्तर माणसे येऊन गेली. प्रत्येकाचे पहिले वाक्य तेच. फळा वाचला होता, पण कळलं नाही.

नववीच्या वर्गातली ती घंटा न वाजण्याच्या आधी अकरा महिने हे घडले होते, आणि ते अकरा महिने मी कोणाजवळ त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या रात्री मात्र राहवले नाही. माझा एक जुना विद्यार्थी आयर्लंडमध्ये कॉर्क शहराजवळ औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे. मर्फी हे आडनाव मुळात आयरिश, एवढे मी कोठेतरी वाचले होते. त्याला लिहिले, "तुमच्याकडे मर्फी नावाची माणसे आहेत का रे?"

उत्तर आले, "सर, कोल्हापुरात पाटील आहेत का, असं विचारताय तुम्ही. आमच्या एका खात्यात सात मर्फी आहेत."

आणि त्याने एका मर्फीकडून मूळ आयरिश आडनावाचा उच्चार वदवून तो मला फोनवर धाडला. शिक्षकांच्या खोलीत मी तो सर्वांना ऐकवला. एक जाडसा, खर्जातला आवाज म्हणाला, "ओ मुरख़ू."

आमचे चित्रकलेचे सर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "कोणाला म्हणतोय हा?"

पुढचे काही आठवडे मी या मुरख़ूंच्या पाठीमागे होतो. आयरिश भाषेत 'ओ' म्हणजे नातू, आणि ओघाने वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. आपण बापाचे नाव आपल्या नावात मधोमध घालतो; त्यांनी कोणा एका पूर्वजाचे नाव आडनाव म्हणून कायमचे धरून ठेवले. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आडनावे ज्यांनी अगदी लवकर घेतली, त्यांत आयरिश लोक येतात. ९१६ साली वारलेल्या एका सरदाराच्या नावापुढे त्यांच्या बखरींत असे आडनाव आढळते. आता या 'ओ'नंतर जो पूर्वज येतो तो मुरख़ा. 'मुइर' म्हणजे समुद्र आणि 'काह' म्हणजे लढाई. दोन्ही मिळून समुद्रावरचा लढवय्या. आपल्या आंग्र्यांना शोभून दिसावे असे हे नाव, आणि आपल्या कानांना मात्र ते शिवीसारखे लागते. भाषाभाषांचे हे असे चालायचेच.

मुरख़ा हे नाव त्या काळी तिकडे घरोघर होते. ब्रायन बोरू या त्यांच्या थोर राजाच्या मुलाचे नावही हेच. १०१४ साली डब्लिनजवळ क्लॉनटार्फच्या लढाईत बापलेक एकाच दिवशी पडले. नावच इतके लाडके, म्हणून 'मुरख़ाचे नातू'ही ठिकठिकाणी निरनिराळे निपजले. आग्नेयेला वेक्सफर्डमध्ये एक घराणे, दक्षिणेला कॉर्कमध्ये दुसरे, रॉसकॉमनमध्ये तिसरे, आणि उत्तरेकडे 'ओ'ऐवजी 'मॅक' लावणारे आणखी एक. यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नाही. आम्हा पवारांपैकीही पुष्कळजण आपली नाळ थेट धारच्या परमारांशी नेऊन भिडवतात. सगळ्यांची तेथवर पोचेल इतकी ती लांब आहे की नाही, ते धारच जाणे. रॉसकॉमनच्या मर्फींची तर मला मौज वाटते. त्या परगण्याला समुद्र लागतच नाही. कोरड्या जमिनीवर बसलेले हे दर्यावीर!

मग मुरख़ूचे मर्फी कसे झाले? याचे उत्तर इंग्रजांच्या राज्यात आहे. १४६५ साली एक कायदा झाला. डब्लिनच्या आसपास इंग्रजी अंमलाखालच्या मुलुखात राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी धर्तीचे आडनाव घ्यावे, न घेईल त्याची मालमत्ता जप्त व्हावी. ते कोणते घ्यावे, हेही कायद्यात सांगून ठेवले होते. गावाचे नाव घ्या, रंगाचे घ्या, नाहीतर धंद्याचे घ्या. हे वाचताना मला हसू आवरेना. गावावरून वाईकर, रंगावरून काळे आणि गोरे, धंद्यावरून सुतार आणि लोहार. जे आपण कोणी न सांगता पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, ते करायला लावण्यासाठी तेथे राजाला जप्तीची भीती घालावी लागली! पण हसू फार वेळ टिकले नाही. कारण आम्हाला आमची नावे निदान आमच्या माणसांनी ठेवली.

या कायद्याने फारसे साधले नाही. साधले ते पुढच्या शतकांत, कारकुनांच्या लेखणीने. जमिनीचा कागद इंग्रजीत, कोर्ट इंग्रजीत, नोकरी इंग्रजीत. कारकुनाने कानाला ऐकू येईल तसे लिहायचे. 'ओ' आणि 'मॅक' ही आयरिशपणाची खूण. ती राखून फायदा नव्हता, टाकून थोडा होता. म्हणून ती गळाली. काही आडनावांचे तर सरळ भाषांतर झाले. लोहाराचा मुलगा 'मॅक गावन' होता तो 'स्मिथ' झाला. मुरख़ूमधला घशातला 'ख़' इंग्रजी जिभेला पेलेना. ज्या भाषेने आपल्याच 'लाफ' आणि 'कफ' या शब्दांतल्या जुन्या घशातल्या आवाजाचा 'फ' करून टाकला, ती परक्याच्या आवाजाची काय पर्वा करणार? मुरख़ूचा मर्फी झाला. आयरिशमध्ये घरच्या मुलीचे आडनाव 'नी वुरख़ू' आणि सुनेचे 'बॅन ई वुरख़ू' असे निराळे चालते, जशी आपल्याकडे पाटलाची पाटलीण होते. इंग्रजी कागदावर मुलगा, मुलगी, सून सगळे सरसकट मर्फी.

या नावाने लढवय्येपण दाखवले तेही जमिनीवरच. १७९८ च्या बंडात वेक्सफर्डमध्ये जॉन मर्फी नावाचे एक पाद्री होते. आधी त्यांनी आपल्या गावकऱ्यांना सरकारच्या स्वाधीन शस्त्रे करण्याचा सल्ला दिला होता. पण शिपायांनी त्यांचे बूलावोग येथील प्रार्थनामंदिर जाळले, तेव्हा तेच बंडवाल्यांचे पुढारी झाले. महिनाभर डोंगर-टेकड्यांवर लढाया झाल्या. पराभवानंतर ते पकडले गेले आणि त्यांना फाशी देण्यात आले. त्याच बंडात आणखी एक पाद्री पडले, मायकेल मर्फी. एका परगण्यात दोन पाद्री, दोघेही बंडखोर आणि दोघेही मर्फी. म्हणजे आडनावाने तेथेही माणूस ओळखू येत नव्हता.

नावाची चेष्टाही झाली, आणि ती माझ्या कान-पिळणीपेक्षा फार कडू होती. इंग्रजी बोलीत बटाट्याला 'मर्फी' म्हणू लागले. आयरिश गरीब माणूस सकाळ-संध्याकाळ बटाट्यावर जगे. तो खाणारा मर्फी, म्हणून ते खाणेही मर्फी. आणि १८४५ साली त्या बटाट्यावर करपा पडला. रात्रीत शेते काळी पडत, आणि खणून काढावा तो जमिनीतला बटाटाही सडलेला निघे. पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि तापाने मेली, आणि आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. या देशोधडीला लागलेल्यांत मर्फी किती असतील याचा विचार करताना माझ्या मनात आले, दर्यावीराचे नातू अखेर समुद्रावर गेले ते असे, जहाजाच्या तळातल्या कोंदट जागेत दाटीवाटीने बसून.

पण गेले तेथे नाव रुजले. अमेरिकेत तर ते इतके पसरले, की आज ते ऐकून कोणाला आयर्लंड आठवेलच असे नाही. एडी मर्फी हा कृष्णवर्णी विनोदी नट घ्या. या आडनावाला आता ना रंग उरला आहे, ना समुद्र. सान फ्रान्सिस्कोच्या एका मर्फीने विसाव्या शतकाच्या आरंभी दिवसा उभा करून भिंतीच्या कपाटात सारता येणारा पलंग काढला. एका खोलीत बिऱ्हाड करणाऱ्या मुंबईकरांनी त्याचे उपकार मानायला हवेत. आणि १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विमानतळावर एका वेगाच्या चाचणीत मापकांच्या तारा कोणीतरी उलट्या जोडल्या, तेव्हा एडवर्ड मर्फी नावाचा इंजिनिअर वैतागून जे बोलला, त्याचाच आमच्या नववीतला तो नियम झाला. आमच्या घंटेचेही तारेचेच दुखणे होते, हे बाईंनी रजेवरून आल्यावर सांगितले. एका तारेचे टोक खरवडायचे राहून गेले होते.

कादंबरीकाराच्या जातीचा म्हणून आणखी एक सांगतो. सॅम्युएल बेकेट या आयरिश लेखकाची पहिली छापलेली कादंबरी १९३८ ची, आणि तिचे नाव नुसते 'मर्फी'. नायकाला काही भारदस्त नाव द्यावे, हा मोह मला प्रत्येक वेळी होतो. बेकेटने आपल्या देशातले सर्वांत सामान्य आडनाव उचलले आणि तेच पुस्तकावर ठेवले.

सर्वांत सामान्य, ही उगाच बोलायची गोष्ट नव्हे. रॉबर्ट मॅथेसन नावाच्या अधिकाऱ्याने १८९० सालच्या जन्मनोंदींवरून आयर्लंडातल्या आडनावांचा अंदाज बांधला. पहिले आले मर्फी, सुमारे ६२,६०० माणसे. म्हणजे साधारण दर पंचाहत्तर माणसांत एक मर्फी. दुसरे केली, तिसरे सलिव्हन. अलीकडच्या वर्षांतल्या नवजात बाळांच्या नोंदींतही पहिला मान मर्फींचाच असतो. २०२४ च्या मार्चमध्ये ज्याला ऑस्कर मिळाले तो किलियन मर्फीही कॉर्कचाच. माझा विद्यार्थी सांगतो, त्या रात्री त्यांच्या खात्यातले सातही मर्फी अशा थाटात वावरत होते, की जणू बाहुली आपल्यालाच मिळाली.

आता ज्या गोष्टीपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो ती सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश लोकांत आपल्या भाषेचा अभिमान पुन्हा जागा झाला. गळालेले 'ओ' आणि 'मॅक' लोक परत लावू लागले. सलिव्हनचे ओ'सलिव्हन झाले, कॉनरचे ओ'कॉनर झाले. आयरिश आडनावांचे मोठे अभ्यासक एडवर्ड मॅकलायसाट यांनी तर स्वतःच्याच आडनावाला 'मॅक' परत जोडून घेतला. पण त्यांनीच नोंदून ठेवले आहे, की मर्फींनी हे केले नाही. वेक्सफर्डच्या मुख्य घराण्याने काय ते जुने रूप परत घेतले. बाकीचे हजारो मर्फी इंग्रजी कारकुनाने लिहिलेल्या, बटाट्याला लावलेल्या, चेष्टेत वापरलेल्या त्या नावासकट आहेत तसेच राहिले.

का राहिले? मी विद्यार्थ्याला लिहिले, तुमच्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या मर्फीला विचार. तो गृहस्थ म्हणे मोठ्याने हसला आणि म्हणाला, "माझ्या बापाला सगळा गाव याच नावानं हाक मारायचा. मी दुसरं लावलं तर हाक कोणाला मारतायत ते मला कसं कळणार?"

हा संदेश मी दोनदा वाचला आणि फोन उपडा करून ठेवला.

रेडिओची गोष्ट राहिलीच. फ्रँक मर्फी या इंजिनिअरने ई. जे. पॉवर नावाच्या भागीदाराबरोबर १९२९ साली इंग्लंडात वेलविन गार्डन सिटी येथे रेडिओचा कारखाना काढला. १९३७ मध्ये तो स्वतः त्या कंपनीतून बाहेर पडला. माणूस गेला, पण खोक्यावरचे नाव राहिले. ते नाव पुढे आपल्याकडे आले, ठाण्याला कारखाना झाला, आणि तेथून ते पत्र्याच्या पाटीवर चढून आमच्या बोळकंडीच्या दारावर येऊन बसले. २०१२ च्या 'बर्फी' या हिंदी चित्रपटातल्या मुक्या-बहिऱ्या नायकाचे खरे नावही मर्फीच. ते त्याच्या तोंडून 'बर्फी' असे निघते. मुरख़ूचा मर्फी आणि मर्फीची बर्फी! दिवाळीच्या ताटापर्यंत हे नाव पोचले ते असे.

विद्यार्थ्याने एका पत्रात सहज लिहिले होते, "सर, इथे स्थानिक रेडिओवर रोज निधनवार्ता वाचतात. कारखान्याच्या गाडीत ती लागली की सगळे गप्प होतात. इतके मर्फी, मग कळायचं कसं, कोण गेला? तर वाडीचं नाव सांगतात, आणि छापील बातमीत माणसाचं टोपणनाव अवतरणचिन्हांत घालतात. ते नसेल तर जवळचीसुद्धा माणसं चुकतात."

ऑगस्ट २०२४ मध्ये अण्णांचे वर्षश्राद्ध होते. मी छापखान्यात मजकूर घेऊन गेलो. संगणकावरचा मुलगा वाचता वाचता थांबला.

"सर, हे 'मर्फीवाले' अवतरणात का? कंसात घालतात."

"अवतरणातच असू दे."

"एकेरी की दुहेरी?"

"दुहेरी," मी म्हटले. "लांबून दिसलं पाहिजे."

चौकातल्या फळ्यावर मात्र मी कोणाला लिहू दिले नाही. खडू मागून घेतला आणि स्वतः लिहिले. ते नाव माझ्या हाताने मी आयुष्यात प्रथमच लिहीत होतो. 'फी'ची वेलांटी जरा मोठीच झाली.

श्राद्धाच्या दिवशी सर्वांत आधी तात्या आले, सकाळी आठलाच. पानाला बसायला अजून अवकाश होता. त्यांच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत धडप्यात गुंडाळलेला जुना ट्रान्झिस्टर.

"वाजतोय," तात्या म्हणाले, "पर काटा हालत न्हाई. एकाच ठेसनावर बसलाय. आता कोन बघनार म्हना."

मी दुकानाची किल्ली शोधली. वर्षभरात ते कोणी उघडले नव्हते. राळेचा वास अजून होता. तात्या बाहेर, नेहमीच्या जागी, उभे राहिले. मी अण्णांच्या स्टुलावर बसून मागचे झाकण काढले. डायलची दोरी तुटली होती.